तारखेला हात नसतात

गेल्या १ ऑगस्टला एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. पाऊस पत्र्यावर ताशा बडवत होता. दोन बाकं जोडून त्यावर सतरंजी टाकली की झालं व्यासपीठ, आणि त्यावर दोन तसबिरी: डावीकडे पगडीतले लोकमान्य टिळक, उजवीकडे अण्णाभाऊ साठे. टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती एकाच दिवशी येते, त्यामुळे दोन कार्यक्रम एका नारळात उरकतात. सातवीतल्या एका मुलीने पाठ केलेलं भाषण श्वास न घेता म्हणून टाकलं. मग प्रमुख वक्ते उठले. म्हणाले, "१ ऑगस्ट १९२० ला एक सूर्य मावळला आणि त्याच दिवशी दुसरा उगवला. बाळांनो, हा योगायोग नाही. हा नियतीचा संकेत आहे!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पाहुण्याने वाजवायच्याच असतात.

परतताना एसटी स्टँडवर चहा घेता घेता मी बरोबरच्या निवृत्त गुरुजींकडे कुरकुर केली. ते शांतपणे म्हणाले, "अहो, पोरांच्या दोन तारखा तरी लक्षात राहतात. कुणी नियती म्हणालं तर तुमचं काय जातं?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आधी गुरुजींची बाजू नीट मांडतो, कारण ती एकट्या त्यांची नाही. सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर येऊन पडणारे 'आजचा दिनविशेष', वर्तमानपत्रातली चौकट, सभेतलं 'आजच्याच दिवशी' हे पालुपद, या सगळ्यांच्या मागे तीन समजुती उभ्या असतात. पहिली, इतक्या मोठ्या घटना एकाच तारखेला येतात ते उगाच नाही. दुसरी, काही तारखांना स्वतःचा स्वभाव असतो. काही शुभ, काही रक्ताला चटावलेल्या. तिसरी गुरुजींची: हे सगळं खोटं ठरलं तरी त्यात नुकसान कुणाचं नाही. यातल्या पहिल्या दोन समजुती चुकीच्या आहेत. तिसरी घातक आहे.

सुरुवात त्या दोन सूर्यांपासूनच करू. १ ऑगस्ट १९२० हा दिवस खरोखरच भरगच्च होता. मुंबईत सरदारगृहात टिळकांनी शेवटचा श्वास घेतला. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे नावाचं मूल जन्माला आलं. आणि गांधीजींच्या असहकाराचा प्रारंभही त्याच दिवशी झाला. दिनविशेषवाल्याला याहून मोठं घबाड ते कोणतं?

आता जरा जवळून पाहू. असहकाराची तारीख आधीच जाहीर झालेली होती. टिळक त्या दिवशी जातील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. टिळक गेले ते मध्यरात्र उलटल्यावर तासाभराच्या आत. इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो म्हणून ती १ ऑगस्ट झाली. आपल्या जुन्या हिशेबात दिवस सूर्योदयाला बदलतो. त्या हिशेबाने टिळक आदल्या दिवशीच गेले. ज्यांच्या नावाचं पंचांग आजही छापलं जातं, त्या टिळकांच्या बाबतीत 'एकाच दिवशी' हे शब्द घड्याळाच्या एका परकीय रिवाजावर उभे आहेत. नियतीने संकेत दिलाच असेल, तर तो इंग्रजी घड्याळ बघून दिला म्हणायचा.

पण खरी तक्रार ही नाही. एक सूर्य मावळला, दुसरा उगवला, हे वाक्य ऐकलं की माणूस समाधान पावतो आणि पुढे काही विचारत नाही. टिळकांच्या राजकारणात वाटेगावच्या मांगवाड्याला जागा किती होती? त्यांच्या सामाजिक भूमिकांबद्दल मोठेपणी अण्णाभाऊ काय म्हणाले असते? हे प्रश्न वर्गात यायला हवेत. उपमा त्यांना दारातच अडवते. आणि या दोघांमध्ये दुवाच हवा असेल, तर तोही आहे. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्या संपाची दखल दूर युरोपात बसलेल्या लेनिनने घेतली. पुढे वाटेगावाहून बापाबरोबर पायी चालत मुंबई गाठलेला पोरगा त्याच गिरणगावात मजूर झाला, लाल बावट्याखाली उभा राहिला, शाहीर झाला, 'फकिरा' लिहिता झाला. दुवा भोंग्याच्या आवाजात आहे, चाळीत आहे, संपात आहे. कॅलेंडरच्या चौकटीत तो सापडणार नाही. तिथे सापडतो तो फक्त टाळ्यांचा मजकूर.

आता 'इतक्या घटना एकाच तारखेला कशा?' हा प्रश्न. याचं उत्तर शाळेतल्या गणिताने देता येतं. वर्षाला खण ३६६. जगाच्या इतिहासातल्या नोंदवून ठेवलेल्या घटना, जन्म, मृत्यू, लढाया, तह, शोध मोजायला बसलं तर आयुष्य पुरणार नाही. एवढा माल ३६६ खणांत भरायचा म्हटला तर प्रत्येक खणात दाटी होणारच. रिकामा खण निघाला असता तर तो चमत्कार! एका खोलीत कसेही जमलेले २३ लोक घ्या. त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. अनेकांना हे पहिल्यांदा ऐकून पटत नाही, कारण आपण मनात 'माझ्या वाढदिवशी आणखी कोण?' असं विचारतो आणि गणित 'कुणाच्याही वाढदिवशी आणखी कुणी?' असं विचारतं. दिनविशेषाची सगळी जादू या एका गफलतीत आहे.

शिवाय आपण किती चोखंदळपणे आश्चर्यचकित होतो तेही बघा. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आपला मराठी भाषा गौरव दिन. १९३३ साली याच तारखेला बर्लिनमध्ये राइशस्टाग हे संसदभवन जळलं आणि हिटलरला हुकूमशाहीची वाट मोकळी झाली. नियतीचा संकेत कोणता धरायचा? ८ नोव्हेंबरला पु. ल. देशपांडे जन्मले, १९१९ साली. त्याच तारखेला लालकृष्ण अडवाणी, १९२७ साली. यावर कुणी गूढ लेख लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि लिहिलाच तर तो पुलंनी लिहायला हवा होता. जुळलं की संकेत आणि नाही जुळलं की विसर, असा हा कारभार. भविष्य सांगणाऱ्याचा धंदाही याच भांडवलावर चालतो.

काही जुळण्या तर मुळात जुळण्याच नसतात. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस हे दोघे २३ एप्रिल १६१६ ला गेले, असं दरवर्षी जागतिक पुस्तक दिनाला ऐकायला मिळतं. युनेस्कोने तो दिवस १९९५ साली जाहीर करताना हीच तारीख धरली. पण स्पेनने तोवर नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं आणि इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्यूलियनला चिकटून होतं. दोहोंत तेव्हा दहा दिवसांचं अंतर. स्पेनच्या हिशेबाने शेक्सपिअर ३ मे रोजी गेला. सर्व्हांटिसचीही २३ तारीख दफनाच्या नोंदीतली. प्राण बहुधा आदल्या दिवशी गेले होते. तारीख एक, दिवस निराळे. दोन गाड्या एकाच नंबरच्या फलाटाला लागल्या खऱ्या, पण स्टेशनं वेगळी होती.

हा घोळ आपल्या अंगणातही आहे. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, यावर संशोधकांनी आयुष्यं वेचली. जेधे शकावली टिळकांनीच उजेडात आणली आणि फाल्गुनाच्या तिथीचं पारडं जड झालं. आज शासन साजरी करतं ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख. पण ही तारीख जुन्या ज्यूलियन गणनेतली आहे. आज भिंतीवर असलेल्या कॅलेंडरच्या हिशेबाने तो दिवस १ मार्च पडतो. तसंच राज्याभिषेकाचं. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, ६ जून १६७४, ही ज्यूलियन तारीख. नव्या हिशेबाने १६ जून. म्हणून 'रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच ६ जूनला दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या' असा मजकूर कुणी पुढे ढकलला, तर त्याला सांगा, बाबा रे, मध्ये दहा दिवस सांडले आहेत.

गंमत अशी, की या दोन घटनांत खरं साम्य आहे आणि ते दिनविशेषात येत नाही. दोन्ही दिवस माणसांनी आकाशाकडे बघून ठरवले. रायगडावर मुहूर्त काढला गेला तो तिथी-नक्षत्र पाहून. नॉर्मंडीसाठी सेनापतींना चांदणं हवं होतं आणि भरती-ओहोटीची नेमकी वेळ हवी होती. ठरलेली ५ जून वादळाने हुकली, हवामानतज्ज्ञाने थोडी उघडीप सांगितली आणि आयझेनहॉवरने ६ जूनला हिरवा कंदील दाखवला. दोन्हीकडे तारीख आपणहून चालून आली नाही. कुणीतरी बसून, हिशेब करून, जोखीम घेऊन ती ठरवली.

इथवरचं सगळं गुरुजींना पटेल, असं मी धरून चालतो. ते म्हणतील, "बरं, योगायोग तर योगायोग. पण नुकसान काय?" त्यासाठी जर्मनीत जावं लागेल, कारण एका तारखेलाच नियती म्हणण्याची रीत तिथे चांगली रुजलेली आहे.

९ नोव्हेंबरला जर्मन लोक 'नियतीचा दिवस' म्हणतात. यादीच तशी आहे. १९१८: कैसरची सत्ता कोसळली आणि बर्लिनच्या राइशस्टागवरून शाइडेमानने प्रजासत्ताक जाहीर केलं. १९२३: म्युनिकमध्ये हिटलरचा सत्ता बळकावण्याचा डाव गोळीबारात मोडला. १९३८: देशभर ज्यूंची सिनेगॉग पेटवली गेली, दुकानांच्या काचांचा खच पडला. १९८९: बर्लिनची भिंत उघडली. एकाच तारखेला चार वळणं. अंगावर काटा येतो. नियती या शब्दाला याहून भक्कम पुरावा कुणी दाखवू शकणार नाही, म्हणून हाच तपासू.

१९१८ ची तारीख ठरली ती कीलच्या नौदलातल्या बंडाने. युद्ध हरल्यावर मरणाच्या मोहिमेवर जायला खलाशांनी नकार दिला, बंड शहरामागून शहर पेटवत निघालं आणि आठवडाभरात राजधानीत पोचलं. दोन दिवस इकडे-तिकडे झाले असते तर तारीख वेगळी असती. १९२३ ला हिटलरने ८ नोव्हेंबरची संध्याकाळ धरली, कारण बव्हेरियाचा सत्ताधारी फॉन कार त्या संध्याकाळी ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअरच्या दिवाणखान्यात भाषण करणार होता. सगळी बडी मंडळी एका छताखाली सापडणार होती. छताला गोळी झाडून त्याने क्रांती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी मोर्चा काढला, पोलिसांनी गोळ्या घातल्या. १९१८ च्या नोव्हेंबरला देशद्रोह म्हणणाऱ्या टोळीला ही तारीख मग आयतीच मिळाली. सत्तेवर आल्यावर ते दरवर्षी ८ आणि ९ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये जमू लागले: भाषणं, मशाली, 'हुतात्म्यां'ना मानवंदना.

म्हणून १९३८ च्या त्या रात्री नात्झी पक्षाचे देशभरचे पुढारी म्युनिकच्या जुन्या नगरभवनात जेवायला बसले होते. दोन दिवसांपूर्वी पॅरिसच्या जर्मन वकिलातीत १७ वर्षांच्या हर्शेल ग्रिन्श्पान या ज्यू मुलाने फॉम राट नावाच्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या होत्या. हर्शेलच्या आईबापांना हजारो ज्यूंबरोबर पोलंडच्या सीमेवर हाकलून टाकलं होतं. फॉम राट ९ तारखेला गेला. बातमी जेवणाच्या टेबलावर आली. गोबेल्स उठून बोलला. ते संपल्यावर पुढारी टेलिफोनकडे गेले आणि आपापल्या जिल्ह्याला हुकूम सुटले. सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत टाकलं, हजारो दुकानं फोडली, आणि वर दंड म्हणून ज्यू समाजाकडूनच एक अब्ज मार्क वसूल केले.

यात नियती कुठे बसवायची? मला दिसतं ते जेवणाचं आमंत्रण, दिसतो टेलिफोन, दिसतात रॉकेलचे डबे घेऊन निघालेली माणसं. ती तारीख त्यांच्याच वार्षिक जत्रेची होती. म्हणूनच हुकूम देणारे सगळे त्या रात्री एका ठिकाणी होते. 'नियतीचा दिवस' म्हटलं की हे सगळे हात टेबलाखाली जातात. उरते फक्त तारीख, आणि तारखेवर खटला भरता येत नाही.

ही गोष्ट त्या काळातल्या एका साध्या सुताराला बरोबर कळली होती. गेओर्ग एल्सर त्याचं नाव. हिटलर दर ८ नोव्हेंबरला त्याच दिवाणखान्यात, त्याच व्यासपीठावरून बोलतो, हे त्याने हेरलं. पक्षाला ती तारीख पवित्र वाटत होती; एल्सरने तिच्यात वेळापत्रक पाहिलं. १९३९ च्या शरद ऋतूत तीसहून अधिक रात्री तो बंद दिवाणखान्यात लपून राहिला, गुडघ्यांवर बसून व्यासपीठामागचा खांब पोखरत राहिला, पडलेला चुरा पिशवीत भरून बाहेर नेत राहिला, आणि शेवटी घड्याळाचा बॉम्ब आत बसवला. बॉम्ब ठरल्या वेळी, रात्री ९ वाजून २० मिनिटांनी फुटला. हिटलर १३ मिनिटांपूर्वी निघून गेला होता. धुक्यामुळे विमान नको, रेल्वेने जायचं ठरलं, म्हणून भाषण आवरतं घेतलं होतं. हिटलरने यात आपल्या नियतीचा हात पाहिला. नियतीच्या भाषेचा उपयोग कोण करतं, ते इथे दिसतं. एल्सरला मात्र १९४५ च्या एप्रिलमध्ये डाखाउच्या छावणीत गोळी घातली.

राहिलं १९८९. या यादीतली ही एकच तारीख निव्वळ अपघाताची. पूर्व जर्मनीच्या सरकारने प्रवासाचे नवे नियम केले होते, ते १० नोव्हेंबरपासून लागू व्हायचे होते. पत्रकार परिषदेच्या तोंडावर सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता गुंटर शाबोव्स्की याच्या हातात तो कागद पडला. तो त्याने धड वाचला नव्हता. कुणीतरी विचारलं, हे कधीपासून? त्याने कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. लोकांनी टीव्हीवर ऐकलं आणि नाक्यांवर धडकले. बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावरचा अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना फोनवर फोन करत राहिला. स्पष्ट हुकूम कुणी देईना. साडेअकराच्या सुमाराला त्याने फाटक उघडलं. शाबोव्स्कीने कागद नीट वाचला असता तर भिंत १० तारखेला उघडली असती आणि नियतीच्या दिवसाची यादी तिच्या सर्वात गोड नोंदीला मुकली असती. पण त्या रात्री गर्दीवर गोळी न चालवणारा येगर आणि महिनाभर आधीपासून लाइपझिगच्या रस्त्यांवर मेणबत्त्या घेऊन उभे राहिलेले लोक, हे तारखेने पाठवलेले नव्हते. त्यांचं श्रेय तारखेला देणं म्हणजे त्यांच्या धैर्यावर डल्ला मारणं.

जर्मनीने पुढे एक शहाणपणा केला. राष्ट्रीय दिन म्हणून ९ नोव्हेंबरचं नाव निघालं होतं, पण भिंत पडल्याचा जल्लोष आणि सिनेगॉग जळल्याचं सुतक एका सुट्टीत कोंबायला त्यांनी नकार दिला आणि एकीकरणाचा ३ ऑक्टोबर निवडला. आणि हो, धोंडो केशव कर्वे गेले तेही ९ नोव्हेंबरलाच, १९६२ साली, १०४ वर्षांचं आयुष्य पुरं करून. त्या दिवसाच्या स्वभावात अण्णा कर्वे कुठे बसतात, हे नियतीवाल्यांनी सांगावं.

आता एका मोठ्या माणसाशी वाद घालायचा आहे, म्हणून आदराने घालतो. १५ ऑगस्ट हा श्रीअरविंदांचा जन्मदिवस, १८७२ सालचा. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्या संदेशात त्यांनी म्हटलं, की ही जुळणी मी निव्वळ योगायोग मानत नाही. माझ्या कार्याला मार्ग दाखवणाऱ्या दैवी शक्तीची ती मोहोर आहे. आयुष्याचा होम केलेल्या माणसाला असं वाटावं, हे मी समजू शकतो. पण ती तारीख ठरवली कुणी? ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी सत्तांतरासाठी जून १९४८ ची मुदत दिली होती. व्हाइसरॉय माउंटबॅटननी ती दहा महिने अलीकडे ओढली. आणि १५ ऑगस्टच का, तर जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती, आणि आग्नेय आशियातले दोस्तांचे सेनापती माउंटबॅटनच होते. आपल्या विजयाची तारीख त्यांनी आपल्या गळ्यात घातली.

या घाईची किंमत बघा. १५ ऑगस्ट उजाडला तेव्हा पंजाब आणि बंगालमधल्या लाखो लोकांना आपण कोणत्या देशात आहोत हे ठाऊक नव्हतं. मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा चढला, खुलन्यात भारताचा. सीमारेषेचा रॅडक्लिफ निवाडा १७ ऑगस्टला जाहीर झाला आणि झेंडे उलटेपालटे झाले. नदियाच्या काही भागांत म्हणूनच आजही १८ ऑगस्ट साजरा होतो. मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाशी झुंजावं लागलं, गोव्याला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावं लागलं. आणि ज्या पाँडिचेरीत बसून श्रीअरविंदांनी तो संदेश दिला, ती तेव्हा फ्रेंचांची होती. कारभार भारताकडे आला १ नोव्हेंबर १९५४ ला, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. मोहोर दैवी असेल, तर ती त्यांच्या स्वतःच्या दारावरच उमटायची राहून गेली. तारखेला दैवी म्हटलं की फाळणीच्या घाईचा जाब कुणाला विचारायचा, हा प्रश्नच मिटतो. गुरुजी, माझं जातं ते हे.

म्हणजे तारखा फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. माणसांनी जाणून-बुजून निवडलेल्या तारखा तर इतिहासाची सर्वात बोलकी कागदपत्रं आहेत. २६ जानेवारीचंच घ्या. लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाल्यावर काँग्रेसने २६ जानेवारी १९३०, रविवार, स्वातंत्र्य दिन म्हणून पाळायचं ठरवलं. पुढची सतरा वर्षं देश तो पाळत होता. १५ ऑगस्ट आला आणि ही तारीख पोरकी झाली. घटना समितीने २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं, मोजकी कलमं तेव्हाच लागू केली आणि बाकीच्यांना दोन महिने थांबवून ठेवलं. का? तर तो रविवार वाया जाऊ नये म्हणून. व्हाइसरॉयने दिलेली तारीख एक, आपण ठरवलेली एक. दोन्ही साजऱ्या करतो, पण दोन्हींचा अर्थ एक नाही.

किंवा बाबासाहेबांचा १४ ऑक्टोबर १९५६. त्या वर्षी त्या तारखेला विजयादशमी होती, सम्राट अशोकाशी जोडली गेलेली. आपल्या लाखो अनुयायांना घेऊन धर्मांतर करायचं, तर दिवस असा निवडायचा की परंपरेचा सीमोल्लंघनाचा सणच नव्या अर्थाने उभा राहील. दीक्षाभूमीवर आज दसऱ्याला लोटणारी गर्दी हे त्या निवडीचं फळ आहे. इथे तारीख बोलते, कारण तिच्या तोंडी शब्द घालणारा माणूस समोर दिसतो.

एवढाच माझा आग्रह. शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहिताना 'आजच्या दिवशी काय घडलं' याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: ही तारीख कुणी ठरवली? बहुतेक वेळा उत्तर येईल, कुणीच नाही. मग सूर्य मावळवायचे आणि उगवायचे नाहीत. कधी उत्तर येईल, घाईतल्या एका व्हाइसरॉयने. कधी येईल, जेवायला बसलेल्या एका टोळीने. आणि कधीतरी असं उत्तर येईल की मुलं मान वर करून बघतील.

अण्णाभाऊंनी १ ऑगस्ट निवडला नव्हता. जन्म कोण निवडतो? पण १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर दिवे लागले आणि दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, मुंबईत अण्णाभाऊ मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले: भुकेल्यांचं स्वातंत्र्य अजून यायचं आहे, हे सांगायला. ही तारीख त्यांची. पुढच्या वर्षी त्या शाळेने बोलावलं, तर मी १६ तारखेला येतो म्हणून सांगणार आहे. एसटीचं भाडं माझं मी देईन.